शास्त्रीय गाणं आणि वृंदगान दोन्ही करायचंय, खान्देशात राहून जमेल का?

मध्यम_चोपडा

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आमच्या घरात सध्या रोज जेवताना हाच विषय निघतो म्हणून म्हटलं इथे विचारावं.

माझी गाण्यातली विशारद परीक्षा झालीय, आता त्यापुढच्या अलंकार परीक्षेची तयारी चालू आहे. गुरुजी जळगावला असतात, त्यामुळे चोपड्याहून एसटीने जाऊन-येऊन शिकणं चालू आहे. इथल्या एका शाळेत संगीत शिकवते, कंत्राटी. तिथे पाचवी ते आठवीच्या मुलांचं वृंदगान (सगळ्यांनी मिळून, गटागटांत गायचं गाणं) बसवायला घेतलं आणि मला त्याचं वेडच लागलं. सुरुवातीला सगळे आपले एकाच सुरात ओरडायचे. मग भूप रागातली एक साधी सरगम (नुसती स्वरांची नावं गायची) दोन गटांत केली, पहिला गट चार मात्रा पुढे गेला की दुसऱ्याने सुरू करायचं. ते जमलं त्या दिवशी मुलं स्वतःच गप्प होऊन एकमेकांकडे बघायला लागली. हे काम मला आयुष्यभर करायचंय. पण ख्याल (एकट्याने राग फुलवत गायचा शास्त्रीय प्रकार) गाणंही सोडायचं नाहीये, मैफिलीत बसून गायचंय.

गुरुजी म्हणतात समूहाच्या नादी लागलीस तर गळा आणि विचार दोन्ही बोथट होतील. आई म्हणते बी.एड. कर. पप्पा काही म्हणत नाहीत पण बँकेच्या परीक्षेचा फॉर्म टेबलावर आणून ठेवलाय.

तर प्रश्न असे की दोन्ही एकत्र कोणी करतं का, पोट भरतं का, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जावंच लागतं का?

रेडिओवेडा

आकाशवाणी जळगावची ऑडिशन दिलीस का? नसेल तर आधी ते कर. बी ग्रेड जरी मिळाली तरी बायोडेटात वजन येतं. पुढे बी हाय, ए, टॉप अशा पायऱ्या आहेत. युववाणीचं (आकाशवाणीच्या तरुणांसाठीच्या कार्यक्रमाचं) वय असेल तर तिथूनही सुरुवात होते.

नाना_पाचोरा

ताई, राग मानू नका, वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट लिहितो. दोन्ही डगरींवर हात ठेवून ख्याल येत नाही. आमच्या गुरूंनी आम्हाला वर्षभर यमन रागाच्या बाहेर जाऊ दिलं नव्हतं. सकाळी खर्ज (खालचे स्वर), मग पलटे (स्वरांच्या उलटसुलट रचना), मग एकच बंदिश. ख्यालगायकी म्हणजे एका माणसाने एका रागाशी केलेली बोलणी. तिथे चाळीस माणसं घुसली की तिचं समूहगीत होतं. समूहगीताला मी नावं ठेवत नाही, पंधरा ऑगस्टला छान वाटतं. पण ते वेगळं काम आहे आणि त्याला वेगळं आयुष्य लागतं. तुमचे गुरुजी बरोबर सांगतायत.

शेवभाजी_तर्री

माले गाण्यातलं काही समजत नही, पन वाचाले मज्या ई ऱ्हायनी. चालू ठेवा भो.

अल्टो_पुणे

मूळची धुळ्याची, आता पुण्यात एका कॉयरमध्ये (गायकवृंदात) अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा भाग, गाते. नानांचा आदर ठेवून मला दुसरी बाजू मांडायचीय.

दोन्ही करणारा माणूस शोधायला लांब जायची गरज नाही. पं. मधुप मुद्गल बघा. कुमार गंधर्वांकडे शिकलेले, ख्यालाच्या मैफिली करणारे गायक आणि त्याच वेळी दिल्लीच्या गांधर्व कॉयरचे संचालक. तो कॉयर त्यांच्या वडिलांनी, विनयचंद्र मौद्गल्यांनी सुरू केला. २००६ साली मधुपजींना पद्मश्री मिळाली. आता सांगा त्यांचा कुठला हात कुठल्या डगरीवरून सुटला?

मुंबईत कुमी वाडियांनी परांज्योती अकादमीचा कोरस वर्षानुवर्षं चालवला आणि परदेशात नेऊन गाजवला. कोलकात्याला रुमा गुहा ठाकुरता यांनी १९५८ मध्ये कलकत्ता यूथ कॉयर उभा केला. मद्रासकडे एम. बी. श्रीनिवासन होते. आपल्या मराठीत वसंत देसाई, सिनेमाचे इतके मोठे संगीतकार, पण हजारो शाळकरी मुलांना एकत्र उभं करून गाऊन घेण्यासाठी त्यांनी किती जीव ओतला ते लोक विसरलेच. म्हणजे परंपरा आहे, फक्त आपल्याकडे तिला परीक्षा नाही आणि सर्टिफिकेट नाही म्हणून ती करिअर वाटत नाही.

मध्यम, तुला एक विचारते. मुलांना शिकवताना प्रत्येक ओळ तू स्वतः गाऊन दाखवतेस का? किती वेळा? कारण गळ्याला धोका आहे तो त्यात आहे, समूहात नाही.

मध्यम_चोपडा

@अल्टो_पुणे, हो, प्रत्येक ओळ गाऊन दाखवते. दोन्ही गटांच्या. आणि वर्गात पंखे आणि मुलं दोन्हींच्या आवाजावर आवाज काढून. शनिवारी गुरुजींकडे जाते तेव्हा तार सप्तक (वरचे स्वर) लागतच नाही, म्हणून तर ते चिडले.

अल्टो_पुणे

बघ, सापडलं. गुरुजींनी ऐकला तो थकलेला गळा, आणि दोष गेला वृंदगानाच्या माथी.

माझ्या कंडक्टर मॅडम तालमीत जेमतेम चार-पाच ओळी गातात. बाकी सगळं हातांनी, चेहऱ्याने, श्वासाने. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या मात्रेला त्या स्वतः श्वास घेतात, तो आम्हाला दिसतो आणि आम्ही सगळे तोच श्वास घेतो. त्या एका श्वासात लय किती, आवाज किती मोठा, शब्द मऊ की ठसठशीत, सगळं येतं. उजव्या हाताने लय. डावा हात मोकळा ठेवायचा, लहान-मोठं करायला, एखाद्या गटाला आत घ्यायला, स्वर धरून ठेवायला. दोन्ही हात आरशासारखे सारखेच हलले तर एक वाया गेला समज.

आणि प्रत्येक गटात एक पक्क्या सुराचं मूल नेमायचं. ओळ एकदा त्याला द्यायची, त्याने गटाला द्यायची. मुलं मुलांकडून लवकर उचलतात.

गंधार१४

चांगला धागा. थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

भूप घेतलास हे नकळत फार बरं झालं. भूप आणि दुर्गा दोन्हींत अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही, म्हणून दोन गट एकमेकांवर चढले तरी कानाला टोचत नाही. हाच प्रयोग भैरवात केलास तर कोमल रिषभ आणि षड्ज एकदम येऊन मुलं गडबडतील. पुढचा राग दुर्गा घे.

दुसरं म्हणजे पेटी बंद कर, तानपुरा लाव, ॲपचा चालेल. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). एकटा गाणारा ते सावरून घेतो, पण तीस मुलं पेटीला चिकटली की त्यांचा गंधार पेटीचाच होतो आणि मग तुझा स्वतःचा कानही हळूहळू तिकडे सरकतो. नानांना विचार बोथट व्हायची भीती वाटते, मला कानाची वाटते, आणि त्यावर उपाय आहे.

तिसरं, मोठ्यांचा मिश्र गट केलास तर पट्टीचा (पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरायचा त्याचा) घोळ होणार. बायका काळी चारच्या आसपास, पुरुष काळी एकला. गाणं मंद्र पंचम (खालचा प) ते तार षड्ज (वरचा सा) एवढ्यातच बसव आणि काळी एक किंवा काळी दोन धर, पुरुष खालच्या सप्तकात गातील, बायका वरच्या. कुणाचीच ओढाताण नाही. आणि सातवी-आठवीतल्या मुलग्यांचे आवाज फुटायला लागले की त्यांना गप्प बसवू नकोस, चार-पाच स्वरांतला सोपा भाग लिहून दे. त्या वयात "तू नको गाऊ" ऐकलेला मुलगा पुन्हा कधी गात नाही.

भुसावळ_जंक्शन

शेवटच्या वाक्याला +१००. मला आठवीत एका शाळेतल्या सरांनी असंच बसवलं होतं. नशिबाने आमचं चर्च होतं. भुसावळ रेल्वेचं गाव, देशभरातली माणसं, त्यामुळे आमच्या क्वायरमध्ये तमिळ, गोवन, मराठी, अँग्लो इंडियन सगळे एका बाकावर. ऑर्गनवाल्या अंकलनी सांगितलं, आवाज फुटलाय ना, मग आता तू बास (पुरुषांचा सगळ्यात खालचा भाग). तेव्हापासून बासच गातोय.

आम्ही कुणीच शिकलेले नाही, पण सोप्रानो, अल्टो, टेनर, बास चारही भाग कानाने पाठ. ताईंना कधी ऐकायचं असेल तर ख्रिसमसच्या आधी डिसेंबरभर तालमी असतात, बिनधास्त या.

नाना_पाचोरा

चर्चचं ठीक आहे, ते संगीतच तसं बांधलेलं आहे. पण आपल्या रागाला हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळे स्वर) लावणं मला पटत नाही. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) चाळीस जणांनी घ्यायची कशी? आंदोलित (हळू झुलता) गंधार चाळीस जणांचा? तिथे राग सपाट करावाच लागतो. गंधार१४ यांनीच कबूल केलं की सोपे राग निवडावे लागतात.

गंधार१४

नाना, कबूल आहेच. दरबारी राग समूहात गाऊ नये, मीही गाणार नाही. पण तराणा? मध्य लयीतली छोटी बंदिश? सरगमगीत? ध्रुपदातली स्थायी? समूहाला काय शोभतं ते ओळखणं हीच तर वृंदगान बांधणाऱ्याची विद्या, आणि ती ओळख ज्याला राग आतून माहीत आहे त्यालाच येणार. कच्चं शिकलेल्या माणसाच्या हातात वृंदगान गेलं तर राग सपाट होईल. मला तर वाटतं हिने अलंकार करावं ते वृंदगानासाठीच.

आखाजी

तुम्ही सगळे पुणे-दिल्ली करताय म्हणून लिहिते. आमच्या आजीला पट्टी, हार्मनी काही माहीत नव्हतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर एकीकडच्या पोरी ओळ टाकायच्या, दुसरीकडच्या उचलायच्या. कानबाईच्या (आमच्या खान्देशी देवीच्या) रात्री बायका पहाटेपर्यंत गायच्या. भुलाबाईची गाणी वेगळी. वही गायनात (आमच्याकडच्या लोकगाण्यात) तर आख्खी मंडळी गाते. एकत्र गायची सवय या मातीत आहे हो, शाळेत आली की ती जाते कारण तिथे माईकसमोर एकच मुलगी उभी करतात, बाकीच्या मागे टाळ्या वाजवतात.

मध्यम, तुझ्या मुलांना अहिराणीतलं एक तरी गाणं दे. घरून आणायला सांग, आज्यांना विचारतील.

शेवभाजी_तर्री

आखाजी ताई, एकच नंबर बोल्ली तू. मना आजीले धाडू का तालमीले?

तबला_धुळे

पोटाचं कोणी बोलतच नाहीये म्हणून मी बोलतो, कारण माझं घर यावर चालतं.

खान्देशात नुसत्या मैफिलीवर कोणी जगत नाही, पुण्यातही फार थोडे जगतात. घर चालतं शिकवण्यावर. सकाळी एक बॅच, संध्याकाळी दोन, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवायची. शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे पालक पाठवतात, आणि गुणांसाठी आलेल्यांतली दोन-तीन खरी गाणारी निघतात. दिवाळी पहाट, गणपती, महिला मंडळांच्या भजन स्पर्धांचं परीक्षण, स्नेहसंमेलन, हे वरचं. अनुदानित शाळेत संगीत शिक्षकाची जागा क्वचित निघते, सीबीएसईवाले घेतात पण करार वर्षाचा. बी.एड.ला नाही म्हणू नकोस, आई चुकीचं सांगत नाहीये, शाळेच्या नोकरीत ते मागतात.

वय १८ ते २५ मध्ये असेल तर केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. रक्कम मोठी नाही पण गुरुजींकडे जायचा-यायचा खर्च निघतो आणि नावापुढे लागते. तुझ्या शाळेतल्या १० ते १४ वयाच्या चांगल्या मुलांना सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक संस्थेच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून दे, गावात कोणी सांगतच नाही त्यांना.

आणि वृंदगानाची फी वेगळी घे. फुकट करशील तर शाळा त्याला कायम "कार्यक्रमाची तयारी" म्हणेल.

चाळीसगाव_स्टॅंड

अवांतर: मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत तुम्ही लोक रियाज कसा करता? मी तर उसाचा रस प्यायलो की दुसऱ्या दिवशी घसा गेलाच.

कोमल_निषाद

पहाटे पाच ते सात, बस. कूलरच्या समोर बसून कधीच गायचं नाही. दही, लोणचं याचं ज्याचं त्याने ठरवावं, मला काहीच होत नाही.

नाना_पाचोरा

दही नको. कैरीचं लोणचं अजिबात नको.

स्वर_चिकित्सा

व्हॉईस थेरपी हे माझं काम आहे म्हणून थोडं. लोणच्यावरून इतके वाद होतात आणि खरी कारणं बाजूला राहतात. शिक्षकांचे आवाज बिघडतात ते गोंगाटावर बोलल्यामुळे, कमी पाण्यामुळे आणि विश्रांती न दिल्यामुळे. मध्यम, कमरेला लावायचा छोटा माईक-स्पीकर घे. मुलांना गप्प करायला टाळी किंवा मंजिरी वापर, गळा नको. तालमीनंतर अर्धा तास बोलू नकोस. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही ताण येतो. आणि आवाज बसलेला दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घे, ज्येष्ठमधावर काढू नकोस. गायकांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात, लवकर कळल्या तर बऱ्याचदा थेरपीने आणि विश्रांतीने बऱ्या होतात.

मुलीचा_बाबा

मी गाणारा नाही. माझी मुलगी सातवीत अशाच एका गटात गाते (ताईंच्या नाही, आमच्या गावच्या). ती घरात कधी बोलायची नाही. आता संध्याकाळी भांडी घासता घासता स्वतःचा भाग गाते आणि धाकट्याला म्हणते तू वरचा गा. तुमच्या पप्पांनी फॉर्म ठेवलाय तो काळजीनेच, आम्ही बाप लोक असंच करतो. त्यांना एकदा तालमीला बोलवा. कार्यक्रमाला नको, तालमीलाच.

इतिहासप्रेमी

जाता जाता, खान्देशाला कमी लेखू नका. बालगंधर्व लहानपणी जळगावला मेहबूब खाँसाहेबांकडे शिकले. मंगेशकर भावंडांचं आजोळ तापीकाठचं थाळनेर. जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव दर जानेवारीत होतो, देशातले मोठे कलाकार येतात, तो सोडू नकोस.

नवापूरकर

सगळं वाचलं. मूळ प्रश्नावर येतो, जावं लागतं का. मी नवापूरच्या बाजूला शिक्षक आहे, आदिवासी मुलं-मुली. वर्षातून दोनदा बाहेर जाऊन शिकून येतो, आठवडाभराची कार्यशाळा, एकदा गोव्याला, एकदा मुंबईला. राहायला गेलो असतो तर तिथला शंभरावा झालो असतो आणि इथली मुलं तशीच राहिली असती. पण इथेच बसून राहिलो असतो तर माझे हात युवक महोत्सवाच्या समूहगीताच्या पुढे गेले नसते, सहा गायक आणि दहा मिनिटं. तेव्हा राहणं इथे, शिकायला बाहेर. खर्च होतो, पण इलाज नाही.

आमच्या मुलांना घरच्या नाचगाण्याची सवय, श्वास लांब, लाज कमी. शहरातल्या कॉयरांना जे महिनोन्‌महिने शिकवावं लागतं ते ही घेऊनच येतात. तुझ्याकडेही सातपुड्यातली मुलं असतील, त्यांना पुढच्या रांगेत उभं कर.

नाना_पाचोरा

नवापूरकर सरांचं पटलं. गंधार१४ यांचंही अर्धं पटलं. माझी अट राहतेच: सकाळचे दोन तास कोणालाही द्यायचे नाहीत. मुलांना नाही, शाळेला नाही, घरालाही नाही. त्या दोन तासांत तुम्ही फक्त तुमच्या गुरूंच्या शिष्या. ते टिकलं तर दिवसभर पन्नास मुलं गाऊन घ्या, माझी हरकत नाही. ते तुटलं तर मी आधी म्हणालो तेच होईल.

आणि रूपक तालातलं (सात मात्रांचं) काही बसवणार असाल तर सांगा, तीन-दोन-दोनचे हात कसे दाखवायचे यावर माझं मत आहे. सम (पहिली मात्रा) 'खाली'च्या, म्हणजे टाळी न द्यायच्या, जागेवर येते, तिथे जोरात हात आपटून चालणार नाही.

अल्टो_पुणे

नाना, हा प्रश्न आमच्या मॅडमनाही पडला होता! त्यांनी पहिल्या मात्रेला हात खाली न आणता बाहेर उघडला, आणि चौथ्या नि सहाव्याला खाली. मुलांना लगेच कळलं.

नाना_पाचोरा

सुंदर. हेच म्हणणार होतो.

मध्यम_चोपडा

सगळ्यांना एकत्र उत्तर देतेय, वेगवेगळं द्यायला गेले तर रात्र जाईल.

माईक-स्पीकर उद्या जळगावहून आणते. पहाटेचे दोन तास आजपासून माझे, आईला सांगितलं, ती म्हणाली दूध मी घेईन. बी.एड.चा फॉर्म भरतेय, बँकेचा नाही, पप्पांना तसं सांगितलं तर ते म्हणाले "बरं" आणि पेपर वाचायला लागले. त्यांना गुरुवारच्या तालमीला बोलवलंय. शिष्यवृत्तीचं वय आहे अजून, गुरुजींची सही लागेल, त्यासाठी शनिवारी त्यांच्यापुढे गाताना तार षड्ज लागला पाहिजे म्हणून हा आठवडा मुलांकडूनच मुलांना शिकवून घेणार.

आखाजी ताई, मुलांना घरून गाणी आणायला सांगितलं तर एकाने पणजीचं मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलं, शब्द अर्धे मला कळलेच नाहीत. तुम्हाला पाठवू का? कळलं तर लिहून द्याल?

आखाजी

पाठव. आणि पणजीला चाल पुन्हा एकदा सावकाश म्हणायला लाव, पोराला सांग मोबाईल तोंडापासून जरा लांब धर.

भुसावळ_जंक्शन

गुरुवारी किती वाजता आहे तालीम? माझी ड्युटी दुपारी सुटते. बास कमी पडत असेल तर येतो.

मध्यम_चोपडा

साडेपाचला, शाळेच्या मागच्या हॉलमध्ये. बास एकही नाही. आवाज फुटलेले तीन मुलगे आहेत आठवीतले, मागे उभे राहतात आणि ओठ हलवतात फक्त. तुम्ही आलात तर त्यांच्यातच उभे राहा.

भुसावळ_जंक्शन

येतोच.